पाणी सुटलं की नेट जायचं: राउटरच्या मिनी यूपीएसचा चार महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये मी राउटरसाठी एक मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा छोटा डबा) घेतला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, १३५० रुपयांना, आणि सोबत १२ व्होल्ट २ अँपियरचा नवीन अडॅप्टर २८० ला. आता ऑगस्ट चालू आहे. वस्तू चांगली आहे, पाचपैकी चार स्टार देते. पण नुसते स्टार देऊन भागणार नाही, कारण आमच्या ओळखीतल्या तिघींनी माझं बघून असाच डबा आणला आणि त्यातल्या एकीचं नेट अजूनही जातंच आहे, कारण तिचा प्रॉब्लेम पॉवरचा नव्हताच, वायरचा होता. म्हणून आमच्या घरी नेमकं काय होत होतं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला हा डबा लागणार आहे का ते पैसे घालवायच्या आधीच कळेल.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, म्हाडाची जुनी चार माळ्यांची बिल्डिंग, आमचं घर दुसऱ्या माळ्यावर. मी इन्शुरन्सच्या क्लेमचं काम घरून करते, दुपारी १२ ते रात्री ९ शिफ्ट. कंपनीचा व्हीपीएन असतो (घरून ऑफिसच्या सिस्टिमला जोडणारं सुरक्षित कनेक्शन), नेट एक सेकंद जरी गेलं तरी तो तुटतो आणि परत लॉगिन, परत ओटीपी, अर्धवट भरलेला क्लेम गायब. फेब्रुवारीपासून नेट दिवसातून चार-पाच वेळा जायला लागलं. महिनाअखेरीस टीम लीडरने लॉगिन अवर्सचा रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्यात मी कामावर नसल्यासारखं दिसत होतं आणि मी तर जेवणसुद्धा टेबलावरच करत होते.

कस्टमर केअरला फोन लावला की दर वेळी तेच, मॅडम राउटर ऑफ करा, दोन मिनिटं थांबा, ऑन करा. (कंपनीचं नाव लिहीत नाही, हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं.) दोन मिनिटांनी नेट आलेलंच असायचं, मग ते विचारणार आता चालू आहे ना, चालू आहे म्हटलं की तक्रार बंद. तिसऱ्या की चौथ्या वेळी फोनवरच्या मुलाने मागचं छोटं भोक पिनने दाबून धरायला सांगितलं. मी दाबलं. तर सगळं सेटिंग पुसलं गेलं, युजरनेम-पासवर्ड पण गेला, आणि ते परत टाकायला एरियातला केबलवाला येईपर्यंत दीड दिवस घरात नेटच नाही. हे कळकळीने सांगते, रिसेटचं ते बटण कोणी सांगितलं म्हणून दाबू नका. आधी विचारून घ्या की माझं कनेक्शन पीपीपीओईचं (म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं) आहे का, त्याचं युजरनेम-पासवर्ड काय, व्हीलॅन नंबर (तोही सेटिंगमध्येच टाकायचा असतो) काय, आणि ते वहीत लिहून ठेवा. नुसतं स्विच बंद करून चालू करणं वेगळं आणि पिन खुपसणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट. 'नेट जातंय' हे आपण एका वाक्यात सांगतो पण जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ते राउटरचे लाईट बघूनच कळतात, आणि नेट गेलेलं असतानाच बघावं लागतं, नंतर नाही. आमच्याकडे दोन वेगळे फॉल्ट एकाच वेळी चालू होते म्हणून कोणालाच पत्ता लागत नव्हता, आणि जो यायचा तो एक दुरुस्त करून जायचा, दुसरा तसाच.

पहिला फॉल्ट लाल लाईटचा. फायबरच्या राउटरवर एलओएस म्हणून लाईट असतो, तो लाल झाला किंवा लाल लुकलुकला म्हणजे काचेच्या वायरमधून येणारा उजेड राउटरपर्यंत पोचत नाहीये. तेव्हा राउटर चालू असतो, वायफायचं नाव मोबाईलमध्ये दिसत असतं, फक्त पुढे इंटरनेट नसतं. अशा वेळी तुम्ही राउटर शंभर वेळा बंद-चालू करा, काही उपयोग नाही. केबलवाल्याचा मुलगा आला, उजेड मोजायचा पॉवर मीटर लावला, उणे २८ डीबीएम की काहीतरी दाखवत होता. तो म्हणाला ताई, उणे २७ च्या खाली गेलं की मोडेमचा भरवसा नाही, वीस-बावीसच्या आत पाहिजे. शून्याच्या जितकं जवळ तितका उजेड जास्त, म्हणजे उणे २० चांगलं आणि उणे २८ वाईट. मग आम्ही दोघांनी वायर चाचपत चाचपत बघितली, तर हॉलच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीत ती दाबली गेली होती. दुपारी ऊन आलं की आई (माझ्या सासूबाई) खिडकी लोटायच्या आणि वायर चेमटायची, संध्याकाळी वारा हवा म्हणून उघडली की परत ठीक. त्याने वायर काढून वरून फिरवली, टोक नवीन बसवलं, आणि मीटरवर उणे २१ आलं. सात डेसिबलचा फरक वाचायला छोटा वाटतो पण त्याचा अर्थ उजेड जवळजवळ पाचपट झाला. जाता जाता त्याने उरलेली वायर गोल करून खिळ्याला टांगली आणि म्हणाला, ताई हा गोल वाटीच्या तोंडापेक्षा लहान करू नका कधी, आत काच आहे, जास्त वाकली की उजेड बाहेर सांडतो. इतकं सोपं करून मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

आता सुटलं सगळं असं वाटलं. लाल लाईट त्यानंतर आजपर्यंत दिसलेला नाही. पण नेट जायचं थांबलं नाही.

आणि आता जेव्हा जायचं तेव्हा वायफायचं नावच मोबाईलमधून नाहीसं व्हायचं. हे मी तोवर कधी नीट बघितलंच नव्हतं. पळत जाऊन राउटरसमोर उभी राहिले तर सगळे लाईट एकदम विझलेले, मग एक हिरवा, मग दोन, मग लुकलुक, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं जागेवर. म्हणजे हे नेट जाणं नाहीच, राउटर स्वतःच बंद पडून परत सुरू होतोय. याची खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही राउटरला १९२.१६८.०.१ असतं, खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं), आत डिव्हाइस इन्फर्मेशन किंवा स्टेटस असं पान असतं, तिथे अपटाइम दिसतो, म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे ते. माझ्याकडे दाखवत होता १४ मिनिटं. मी तर सकाळपासून हात लावला नव्हता. त्याच भागात कुठेतरी ऑप्टिकल पॉवरचा आकडा पण बऱ्याच राउटरमध्ये दिसतो, म्हणजे केबलवाल्याच्या मीटरची वाट बघायला नको.

कस्टमर केअरला हे सांगितलं तर म्हणे राउटर जुना झाला, नवीन घ्या. आमचे हे पण म्हणाले घेऊन टाकू. अडीच-तीन हजाराचा खर्च.

थांबवलं ते सासूबाईंनी. आमच्या आईंना कालनिर्णयच्या चौकोनात सगळं लिहायची सवय आहे, दूध किती, गॅस कधी लागला, पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं. मार्चमध्ये सोसायटीने पंपाच्या वेळा बदलल्या, संध्याकाळचा साडेसातचा पंप सव्वाआठला लावायला लागले, आणि आईंना ड्रम भरायचा असतो म्हणून त्या रोज वेळ टिपत होत्या. त्याच चौकोनात मी पेन्सिलीने नेट गेल्याची वेळ लिहायला लागले होते, केबलवाल्याला दाखवायला. एका रविवारी भाजी निवडता निवडता आई म्हणाल्या, "अगं, पाणी सुटायच्या आधी तुझं नेट जातं. हे बघ ना, माझी वेळ आणि तुझी वेळ शेजारी शेजारीच आहेत." मी उठून बघितलं. आठ-सोळा नेट, आठ-वीस पाणी. आठ-सतरा नेट, आठ-वीस पाणी. आणि मागचं पान उलटलं तर पंप साडेसातला होता तेव्हा नेट पण सात-एकतीस, सात-तीस. पंपाची वेळ सरकली तशी नेट जायची वेळ पण सरकली होती. मला खरंच भरून आलं, कारण दोन महिने जे कोणाला सापडत नव्हतं ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी राउटरसमोर खुर्च्या टाकून बसलो. सव्वाआठला वॉचमन काकांनी खाली पंपाचा स्विच मारला, ट्यूबलाईट अगदी डोळा मिटून उघडावा इतकीच मंद झाली, आणि राउटरचे सगळे लाईट विझले. पंखा चालू, टीव्ही चालू, फक्त राउटर बंद.

कारण असं आहे, हे मला नंतर दुकानात समजावून सांगितलं. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला नेहमीपेक्षा पाच-सातपट करंट ओढते, आणि बिल्डिंगची वायरिंग जुनी असेल तर तेवढ्या क्षणापुरता सगळ्यांचा व्होल्टेज खाली बसतो. चांगल्या अडॅप्टरला त्याचं काही वाटत नाही, त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतंच, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते ती तो क्षण भरून काढते. पण तो कपॅसिटर उष्णतेने वाळत जातो. आमचा अडॅप्टर टीव्हीच्या युनिटमागे, हवा नाही, वर्षानुवर्षं २४ तास चालू, हात लावला तर चटका बसायचा. शिवाय तो फ्रिजच्याच एक्स्टेंशन बोर्डावर होता, म्हणजे पंपाशिवाय जे अधूनमधून दुपारी नेट जायचं ते बहुतेक फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होतानाचं.

मग मी सुट्टीच्या दिवशी गेले लॅमिंग्टन रोडला. नवीन लोकांसाठी सांगते, मॅपवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग टाका, तेच ते. सेंट्रलवाल्यांनी दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं आणि चालत जायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जुना अडॅप्टर आणि राउटर दोन्ही पिशवीत घालून नेलं होतं आणि तेच कामाला आलं, नाहीतर अंदाजाने काहीतरी घेऊन आले असते.

ज्या दुकानात गेले ते एका माणसाला उभं राहता येईल एवढंच, काउंटरवर सगळीकडे अडॅप्टर आणि वायरची बंडलं. दुकानदार काकांनी आधी जुन्या अडॅप्टरला मल्टिमीटर लावला, १२.२ आलं. मी म्हटलं हा तर बरोबर आहे. ते म्हणाले, रिकामा बरोबर आहे, आता याच्यावर वजन देऊ. खणातून बाइकच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, १२ व्होल्ट १० वॉटचा, दोन वायरी लावलेला, आणि तो अडॅप्टरला जोडला. बल्ब पेटला, आणि मीटरवरचा आकडा माझ्यासमोर घसरला, ११.४, १०.९, १०.५, आणि तिथे स्थिर पण राहिना, वरखाली होत राहिला. बल्ब बारीक थरथरत होता, बोटांनी सावली केली तेव्हा नीट दिसलं. मग तोच बल्ब नवीन अडॅप्टरला लावला, ११.९, आणि आकडा जागचा हलला नाही. काकांनी काही जास्त बोलायची गरजच उरली नाही. राउटर नवीन घेऊ का असं मी विचारलं तर त्यांनी माझाच राउटर नवीन अडॅप्टरवर लावून दहा मिनिटं चालवून दाखवला आणि म्हणाले, याला काही झालेलं नाही, घेऊन जा परत.

इथपर्यंत आलं की खरं म्हणजे २८० रुपयात काम झालं होतं. तुमचा प्रॉब्लेम आमच्यासारखा असेल, म्हणजे वायफायचं नावच गायब होतं, लाईट सगळे विझतात, अपटाइम शून्यापासून सुरू होतो, तर आधी फक्त अडॅप्टर बदला आणि फ्रिज-मिक्सरच्या बोर्डावरून काढून वेगळ्या प्लगला लावा. आठवडाभर बघा. बऱ्याच जणांना तेवढंच पुरेल.

मिनी यूपीएस मी घेतला तो दुसऱ्या कारणासाठी. मुंबईत लाईट फारशी जात नाही म्हणून आपल्याकडे घरात इन्व्हर्टर नसतो, पण जाते तेव्हा माणूस अगदी अडकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडली तो दिवस आठवा, लोकल जागच्या जागी उभ्या, आणि घरून काम करणारे सगळे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असूनही नेट नाही म्हणून बसून. तेव्हापासून डोक्यात होतं. शिवाय आमच्याकडे पावसात मीटररूमचं काहीतरी निघतंच, अर्धा-एक तास लाईट जाते, आणि माझ्या शिफ्टमध्ये अर्धा तास म्हणजे खूप.

वस्तू कशी आहे ते सांगते. मोठ्या मोबाईलपेक्षा जरा जाड असा पांढरा प्लास्टिकचा डबा, एका बाजूला इनपुट जिथे आपला भिंतीवरचा अडॅप्टर लागतो, दुसऱ्या बाजूला आउटपुटची छोटी वायर जी राउटरला जाते. मधे बॅटरी. लाईट गेली की बॅटरी लगेच देते आणि राउटरला पत्ताही लागत नाही. ब्रँडचं नाव देत नाही कारण एकसारखेच डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, नावापेक्षा आकडे बघा.

पहिला आकडा व्होल्टेज. राउटरच्या खाली लिहिलेलं असतं, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात पण काहींना ९ आणि काही छोट्यांना ५. १२ चा यूपीएस ९ च्या राउटरला लावायचा नाही म्हणजे नाही. अँपियरचं तसं नाही, यूपीएसवर जास्त लिहिलेलं चालतं, राउटर त्याला हवा तेवढाच घेतो, कमी मात्र चालत नाही. आणि छोटं गोल चिन्ह असतं अधिक-उण्याचं, बहुतेक ठिकाणी मधलं टोक अधिक असतं, ते दोन्हीकडे सारखं आहे ना एवढं बघा.

पिनकडे मात्र नीट लक्ष द्या, इथे माझी एक मैत्रीण फसली. बाहेरून बहुतेक गोल पिना ५.५ मिलिमीटरच्या असतात आणि सारख्याच दिसतात, पण आतलं भोक कोणाचं २.१ तर कोणाचं २.५. मोठ्या भोकाची पिन छोट्या खिळ्याच्या सॉकेटमध्ये जाते, बसल्यासारखी वाटते, पण सैल राहते, आणि झाडू मारताना वायरला धक्का लागला की राउटर बंद. म्हणजे नेट जायचं म्हणून डबा आणला आणि डब्यामुळेच नेट जायला लागलं. दुकानातच लावून वायर थोडी हलवून बघा.

बॅटरी किती वेळ चालते याबद्दल डब्यावर जे लिहिलेलं असतं, ६ तास वगैरे, त्यावर जाऊ नका, हिशोब स्वतः करा. माझ्या डब्यात तीन सेल आहेत, प्रत्येकी २००० एमएएच, तिन्ही मिळून ११.१ व्होल्ट, म्हणजे साधारण २२ वॉट-अवर. माझा राउटर ७ वॉटच्या आसपास घेतो. २२ भागिले ७ म्हणजे तीन तास, त्यातून थोडं गरम होण्यात जातं. मी मोबाईलवर टायमर लावून दोनदा मोजलं, पहिल्यांदा २ तास २५ मिनिटं, आणि आता जुलैत २ तास १५. माझ्या कामाला भरपूर झालं. पण १०,००० एमएएच असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुतेक ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर, त्याला १२ ने गुणून खुश होऊ नका.

एक स्टार कापला तो इथे. डब्याच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही की तुमचा जुना १ अँपियरचा अडॅप्टर याला पुरणार नाही. यूपीएसला राउटर पण चालवायचा असतो आणि बॅटरी पण भरायची असते, दोन्ही मिळून १ अँपियरच्या बाहेर जातं. माझी मैत्रीण जुनाच अडॅप्टर लावून बसली, तो तापून तापून बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही, आणि लाईट गेली तेव्हा वीस मिनिटांत राउटर बंद. मला काकांनी २ अँपियरचा घ्यायला लावला म्हणून वाचले. हे डब्यावर ठळक छापायला पाहिजे. दुसरं, याला चालू-बंदचं बटण अगदी बाजूला आहे, पुसताना हात लागतो, मी त्यावर चिकटपट्टी लावलीये.

घेताना दुकानात एक टेस्ट करायला सांगा, आणि ती बल्बवर नाही, राउटरवर. डबा राउटरला जोडायचा, राउटर पूर्ण चालू होऊ द्यायचा, आणि भिंतीतला प्लग खस्सकन ओढायचा. लाईट एकही विझला नाही पाहिजे. मग परत लावायचा, तेव्हा पण नाही. असं पाच-सहा वेळा करा. स्वस्तातल्या एका डब्यात काकांनी मला दाखवलं, प्लग ओढल्यावर ठीक, पण परत लावताना राउटर रिस्टार्ट झाला. तसला डबा आमच्या पंपासमोर काहीच कामाचा नव्हता. बल्बवर हे कळत नाही कारण बल्बची तार लाल असते तेवढ्यात मधली वीज नसल्याची क्षणभराची गॅप निघून जाते.

ठेवायचा कुठे, तर उघड्यावर. आत लिथियमच्या बॅटऱ्या आहेत, टीव्हीमागे कोंबू नका, वर कापड-क्रोशाचा रुमाल काही टाकू नका. आमचा आता भिंतीवर छोट्या फळीवर राउटरच्या शेजारी आहे, कोमट लागतो, गरम नाही. कधी फुगलेला दिसला तर त्याच दिवशी काढायचा आणि ई-कचऱ्यात द्यायचा, घरच्या डब्यात नाही.

अजून एक गोष्ट जी दुकानदार पण सांगत नाहीत. लाईट गेल्यावर तुमचा राउटर चालू राहील पण नेट राहीलच असं नाही. तुमच्या घरात बारीक फायबरची वायर येत असेल तर रस्त्यातल्या स्प्लिटरला (एका वायरमधला उजेड अनेक घरांना वाटून देणारा) वीज लागतच नाही, तो नुसता काचेचा असतो, पलीकडे कंपनीच्या ऑफिसात बॅकअप असला की झालं, नेट चालतं. पण बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये अजून लोकल केबलवाल्याचा नेटवर्क स्विच (घराघरांत नेट वाटणारा डबा) गच्चीवर किंवा जिन्यात पेटीत असतो आणि तिथून जाड लॅनची वायर घरात येते. तो स्विच बिल्डिंगच्याच विजेवर चालतो. बिल्डिंगची लाईट गेली की तो बंद, आणि मग तुमच्या घरातल्या यूपीएसने काही होणार नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं असंच आहे, त्यांना मी घेऊ नका म्हणून सांगितलं, त्याऐवजी चार जणांनी मिळून त्या पेटीतच एक बॅकअप बसवा म्हटलं.

आणि वायफायचं नाव आहे, लाईट सगळे हिरवे, लॅन वायर लावून नेट व्यवस्थित चालतंय, फक्त आतल्या खोलीत तुटतंय, तर त्यात अडॅप्टरचा दोष नाही. लोखंडी कपाटाच्या मागून राउटर काढा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो लावा. चाळीत आणि आमच्यासारख्या चिकटून असलेल्या बिल्डिंगमध्ये शेजारपाजारचे वीस राउटर एकाच चॅनलवर बोलत असतात.

कंपनीकडून दाद मिळत नसेल तर प्रत्येक फोनला डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचा नंबर द्यावाच लागतो आणि समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण टीम लीडरला मी डॉकेट नंबरांची यादी आणि कालनिर्णयच्या पानांचे फोटो पाठवले, आणि फेब्रुवारी-मार्चचे कापलेले तास त्यांनी धरून घेतले.

यूपीएस लावल्यापासून पंपाच्या वेळेला एकदाही नेट गेलेलं नाही. १८ जूनला पावसात पाऊण तास लाईट नव्हती, मी अंधारात टॉर्च लावून क्लेम भरत होते आणि आई शेजारी मोबाईलवर भजन लावून बसल्या होत्या, दोघींचं चालू होतं. पंपाचं मात्र मी सोसायटीच्या मिटिंगमध्ये मांडलंय, ट्यूब इतकी मंद होते म्हणजे पंपाची मोटर किंवा मीटररूममधला जॉइंट कोणीतरी बघायला पाहिजे, बाकीच्यांचे फ्रिज-टीव्ही पण त्याच लाईनवर आहेत. सेक्रेटरी म्हणालेत गणपतीच्या आधी वायरमनला बोलावतो. कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानावर आता नुसत्या पाण्याच्या वेळा आहेत, माझी पेन्सिल आईंनी दुधाच्या हिशोबाला घेतलीये.